आधी पेशा, मग पदवी : मराठवाड्यातल्या कॉलेज-शिक्षणाचा धडा

पालमसारख्या तालुक्याच्या गावी बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच चर्चा असते, ‘आता पोराला कुठं घालायचं?’ काय व्हायचं, हे नंतर विचारलं जातं. कॉलेज आधी आणि पेशा मागून, ही सवय आपल्याला कशी लागली, ते आज पाहू.

आपला मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि कारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघालं. वैद्यक, अभियांत्रिकी, कायदा, सगळं उर्दूतून! इंग्रजीऐवजी देशी भाषेत उच्च शिक्षण, हा प्रयोग मोठाच होता. पण घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला वकील व्हायचं तर आधी उर्दू पक्की हवी आणि हैदराबादेत राहण्याची ऐपत हवी. औरंगाबादला १९२३ मध्ये कॉलेज आलं, तेही इंटरमीजिएटपुरतं. अशा वेळी निवड कसली करणार? दार उघडं दिसलं की आत शिरायचं.

स्वातंत्र्यानंतर दारं वाढली. १९५० मध्ये डॉ. आंबेडकरांच्या संस्थेनं औरंगाबादला आणि स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेनं नांदेडला कॉलेज काढलं. १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ, १९७२ ला परभणीला कृषी विद्यापीठ. पहिल्या पिढीची मुलं पदवीधर झाली. पण पदवीच्या पुढं काय? १९७४ च्या विकास आंदोलनात विद्यार्थी रस्त्यावर उतरले, वसमतला गोळीबारात विद्यार्थ्यांचे जीव गेले. त्या मागण्यांत रोजगार हा कळीचा मुद्दा होता. पदवी हातात होती, पण ती कोणत्या कामासाठी, हे ठरलेलंच नव्हतं.

१९९४ ला नांदेडला विद्यापीठ आलं, परभणी जिल्हा त्याला जोडला गेला. दार आणखी जवळ आलं. आता तरी हिशेब उलटा मांडू या.

वकील व्हायचंय? बारावीनंतर पाच वर्षं, नाहीतर पदवीनंतर तीन. दुसरा रस्ता धरला तर बी.ए.ला राज्यशास्त्र घ्यावं, इंग्रजी वाचन वाढवावं. कृषी पदवी हवी? मग अकरावीलाच विज्ञान घ्यायला हवं, बारावीनंतर जागं होऊन भागत नाही. स्पर्धा परीक्षेला बहुतेक ठिकाणी कुठलीही पदवी चालते, म्हणून तर अशी पदवी घ्या की परीक्षा हुकली तरी हातात दुसरं काम राहील. नव्या शैक्षणिक धोरणात मुख्य विषयासोबत दुय्यम विषय आहे, प्रत्यक्ष कामाचा अनुभवही आहे. ते रकाने नुसते भरायचे नसतात, निवडायचे असतात.

आपल्या आजोबांना निवडायला वाव नव्हता, वडिलांना माहिती नव्हती. आपल्याकडं दोन्ही आहे. तेव्हा प्रवेशअर्ज भरायच्या आधी घरात बसून एवढंच विचारू या : पाच वर्षांनी पोरगी काय काम करत असेल? कॉलेजचं नाव त्यानंतर ठरवू.