निरोपाची किंमत : 1 रुपया 4 आणे

सहा महिन्यांच्या फेलोशिपसाठी मी पुढच्या महिन्यात परदेशी चाललोय. त्यामुळे सध्या लॅबपेक्षा नातेवाइकांकडेच जास्त वेळ जातो. आत्या, मामा, शाळेतले सर. प्रत्येक घरी पोहे, चहा आणि निघताना हातावर दही. खरं सांगू? वैताग आला होता. थीसिसचा एक चॅप्टर अर्धा पडलाय आणि आपण हे काय करत बसलोय, असं वाटायचं. मग एका रात्री गांधींनी 1888 मध्ये विलायतेला जाण्याआधी घेतलेल्या निरोपांबद्दल वाचलं. मी विज्ञानवाला माणूस, पण त्यात संशोधनाचा एक पक्का धडा मिळाला. तोच आज तुमच्यासाठी.

आधी घटना बघू. मोहनदास तेव्हा 18 वर्षांचे. वडील हयात नव्हते, म्हणून घरातले वडीलधारे म्हणून पोरबंदरच्या काकांची संमती हवी होती. राजकोटहून धोराजीपर्यंत बैलगाडी आणि एक दिवस वाचावा म्हणून पुढे उंट, असा प्रवास करून ते पोहोचले. काका तीर्थयात्रेच्या तयारीत होते. समुद्र ओलांडायला मी स्वतः परवानगी कशी देऊ, पण आईने दिली तर माझा आशीर्वाद आहे, असं ते म्हणाले. आईने मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची शपथ घ्यायला लावली आणि मगच होकार दिला. म्हणजे या भेटी नुसत्या 'येतो हं' म्हणण्याच्या नव्हत्या. प्रत्येक उंबरठ्यावर परवानगी मागायची होती.

4 जुलैला राजकोटच्या शाळेत निरोप समारंभ झाला. 10 ऑगस्टला राजकोट सुटलं. मुंबईत मात्र मोढ वाणी जातीची सभा भरली. सेठनी परदेशगमन धर्माविरुद्ध ठरवलं, मोहनदास मागे हटेनात, तेव्हा त्यांना जातीबाहेर काढलं. जो मदत करेल किंवा गोदीवर निरोप द्यायला जाईल, त्यालाही शिक्षा! बहीण-जावयांकडे प्रवासाचे पैसे ठेवले होते. जातीच्या धाकाने त्यांनी ते द्यायला नकार दिला. शेवटी एका स्नेह्याकडून उसने घेतले आणि 4 सप्टेंबरला 'क्लाइड' बोट सुटली.

आता मुद्द्याचं. ती शिक्षा नेमकी किती होती? 'आत्मकथे'त आहे 1 रुपया 4 आणे दंड. पण 1891 मध्ये लंडनच्या 'व्हेजिटेरियन' साप्ताहिकाला दिलेल्या मुलाखतीत हेच सांगताना गांधी म्हणतात, की निरोपाला जाणाऱ्यालाही जातीबाहेर समजलं जाईल. शिवाय पाच आण्यांचा दंड आहेच, पण तो सभेला गैरहजर राहणाऱ्यासाठी!

माणूस एक, प्रसंग एक, आकडे वेगळे. आता कोणाला खरं मानायचं?

आपल्याकडे लगेच एक साधन 'बरोबर' आणि दुसरं 'चूक' ठरवायची घाई असते. थांबा. आधी तीन प्रश्न विचारा. कधी सांगितलं? एकदा तीन वर्षांनी, एकदा तब्बल 37 वर्षांनी. कोणाला? एकदा जात म्हणजे काय हे माहीत नसलेल्या इंग्रज वाचकांना, एकदा 'नवजीवन'च्या गुजराती वाचकांना. आणि तिसरा प्रश्न : मधल्या काळात सांगणाऱ्याला काय कळलं होतं?

शाळेतल्या समारंभाचंही असंच आहे. 'काठियावाड टाइम्स'च्या बातमीत त्यांचं छोटं भाषण येतं : तुमच्यापैकी काही जण माझ्या मागून याल आणि परतल्यावर सुधारणांचं काम मनापासून कराल, अशी आशा. 'आत्मकथे'त मात्र भाषणातला मजकूर नाही. लिहून नेलेलं वाचताना डोकं गरगरत होतं, अंग थरथरत होतं, एवढंच. बातमीदाराने शब्द टिपले, स्मृतीने थरथर टिपली. निरोप समजून घ्यायला दोन्ही लागतात.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात जड वाटला. लंडनला पोहोचल्यावर, नोव्हेंबर 1888 मध्ये त्यांनी डायरी लिहायला घेतली. मूळ डायरी हरवली, सुरुवातीच्या साधारण वीस पानांची नक्कल उरली. त्या पानांत आई चेहरा हातांत लपवून रडतेय आणि हुंदके ऐकू येतायत. हे लिहिताना त्यांच्या दृष्टीने आई घरी वाट पाहत होती. 1891 मध्ये बॅरिस्टर होऊन ते मुंबईला उतरले, तेव्हा भावाने सांगितलं की आई गेली. परदेशात धक्का नको म्हणून बातमी लपवून ठेवली होती. राजकोटचा तो निरोप शेवटचा ठरला. 'आत्मकथा' लिहिणाऱ्याला हे माहीत होतं, डायरी लिहिणाऱ्याला नव्हतं. म्हणून घटनेच्या जवळचं साधन इतकं मोलाचं : त्यात पुढचं माहीत असल्याचा रंग चढलेला नसतो.

आपल्या कामातही हेच. प्रयोगाची नोंद त्याच दिवशी वहीत करा, रिझल्ट कळल्यावर नाही. मुलाखत घेतलीत तर तारीख आणि कोणासमोर बोलणं झालं तेही लिहा. दोन साधनं भांडत असतील तर खूश व्हा, तुमचा प्रश्न तिथेच लपलेला असतो.

उद्या आजीकडे जायचंय. तिला ऐकू कमी येतं, त्यामुळे तेच तेच चार वेळा सांगावं लागेल. पण आता चॅप्टर थांबला तरी चालेल. घाई न करता बसणार आहे आणि रात्री घरी आल्यावर ती काय म्हणाली ते तारीख घालून लिहून ठेवणार आहे.