मानमोडीच्या साथीतील बाळंतीण

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाला महाराष्ट्रात लोकांनी ‘मानमोडी’ हे नाव दिले. या साथीचा विषय निघाला की मुंबईची गोदी, युद्धावरून परतणारी जहाजे आणि १० जून रोजी तापाने रुग्णालयात दाखल झालेले सात पोलीस शिपाई यांचा उल्लेख हमखास होतो. त्याच वर्षी चाळीतल्या एका खोलीत बाळंत झालेल्या स्त्रीचा उल्लेख मात्र क्वचितच आढळतो.

जूनमधील पहिली लाट तुलनेने सौम्य होती. सप्टेंबरात उसळलेली दुसरी लाट न्यूमोनिया घेऊन आली आणि ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. त्यांत गर्भवती किती होत्या, हे या आकड्यावरून कळत नाही. खेड्यांत तर बहुतेक मृत्यू ‘ताप’ या एकाच शब्दाखाली जमा होत.

गर्भवतींची मोजदाद झाली ती दूर अमेरिकेत. डॉ. हॅरिस यांनी १,३५० गर्भवती रुग्णांची माहिती गोळा करून १९१९ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांपैकी सुमारे निम्म्या स्त्रियांना न्यूमोनिया झाला होता, आणि न्यूमोनिया झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक दगावल्या होत्या. ज्या वाचल्या, त्यांतील अनेकींना गर्भ गमवावा लागला. गर्भारपणात शरीराला प्राणवायू अधिक लागतो आणि वाढते गर्भाशय फुप्फुसांना खालून रेटते. अशा वेळी न्यूमोनिया म्हणजे दुहेरी कोंडी. या साऱ्या स्त्रियांपर्यंत निदान डॉक्टर पोहोचले होते.

मुंबईत स्त्रियांसाठी कामा रुग्णालय १८८६ पासून होते, जे. जे. च्या आवारात मोतलीबाई प्रसूतिगृह होते. वाडिया प्रसूतिगृह यायला १९२६ उजाडायचे होते. पण बहुसंख्य बाळंतपणे घरीच, सुईणीच्या हातून होत. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून दारे-खिडक्या बंद, खाटेखाली शेगडी, ओव्या-शेपांची धुरी. या रीतीला आज हसणे सोपे आहे. तिच्यामुळे थकलेल्या बाईला काही दिवस विसावा आणि ऊब मिळत असे. मात्र भरलेल्या फुप्फुसांना तो धूर आणि ती कोंदट हवा घातकच. तीच सुईण एका घरातून दुसऱ्या घरी जाई. तिला दोष देण्यापूर्वी हेही ध्यानात घ्यावे, की त्या काळी नामवंत डॉक्टरांनाही रोगाचे खरे कारण ठाऊक नव्हते. बरेच जण एका जिवाणूला जबाबदार धरीत होते. अनेक सरकारी डॉक्टर तर युद्धभूमीवर गेलेले होते.

जगात बहुतेक ठिकाणी या साथीने तरुण पुरुष अधिक नेले. हिंदुस्थानात चित्र उलटे होते. १९२१ च्या जनगणना अहवालाने वीस ते चाळीस वयोगटातील मृत्यू, त्यातही स्त्रियांचे मृत्यू, विशेष अधिक असल्याचे नोंदवले. ‘स्त्रियांची प्रकृतीच नाजूक’ हे उत्तर येथे टिकत नाही. तसे असते तर ते सर्वत्र लागू पडले असते. कारण घरात शोधावे लागते. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महागले होते, आणि सर्वांची पाने उठल्यावर उरेल ते बाईच्या वाट्याला येई. घरातील प्रत्येक आजाऱ्याच्या उशाशीही तीच बसे. पोटुशी असली म्हणून त्यातून सुटका नव्हती.

पुढच्या वर्षी देशभर जन्म घटले. १९११ ते १९२१ हे भारताच्या जनगणनेतील लोकसंख्या घटलेले एकमेव दशक. मृतांचा हिशेब मांडताना न जन्मलेली ही मुले सहसा धरली जात नाहीत.

गिरणगावात तर बाळंतपणासाठी घरी बसलेल्या कामकरणीला पगाराची कायदेशीर हमी नव्हती. तो हक्क देणारा मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा झाला १९२९ मध्ये. मानमोडीत जन्मून जगलेले मूल तोवर अकरा वर्षांचे झाले होते.