न्यूबेरी पदक

अमेरिकेतील उत्कृष्ट बालसाहित्यकृतीच्या लेखकास प्रतिवर्षी दिले जाणारे पदक. अठराव्या शतकातील लंडनचा बालपुस्तक-प्रकाशक जॉन न्यूबेरी (१७१३–६७) याच्या नावे ते देण्यात येते. बालवाङ्‌मयास काव्य, नाटक व कादंबरी यांच्या बरोबरीची प्रतिष्ठा लाभावी, या हेतूने फ्रेडरिक मेल्चर याने १९२१ मध्ये अमेरिकन ग्रंथालय संघापुढे त्याची कल्पना मांडली. पहिले पदक १९२२ मध्ये हेंड्रिक व्हॅन लोन याच्या द स्टोरी ऑफ मॅनकाइंड या इतिहासग्रंथास मिळाले. बंगालमध्ये जन्मलेले धनगोपाल मुखर्जी हे त्याचे पहिले भारतीय मानकरी होत. गे-नेक या कबुतराच्या कथेबद्दल १९२८ मध्ये त्यांना ते लाभले.

या पदकाने लेखकाचाच गौरव होई, चित्रकार उपेक्षित राही. ही उणीव भरून काढण्यासाठी मेल्चरच्याच सूचनेवरून चित्रपुस्तकांकरिता कॅल्डेकॉट पदक सुरू झाले. डॉरथी लॅथ्रप ही त्याची पहिली मानकरी (१९३८). वांशिक उणीव मात्र दीर्घकाळ टिकली. कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांसाठी १९६९ मध्ये कोरेटा स्कॉट किंग पुरस्कार स्वतंत्रपणे स्थापावा लागला आणि न्यूबेरी पदक कृष्णवर्णीय लेखकास प्रथम मिळाले ते १९७५ मध्ये, व्हर्जिनिया हॅमिल्टन हिला. पदकप्राप्त पुस्तके ग्रंथालयांतून पिढ्यान्‌पिढ्या वाचली जात असल्याने, निवडीतील अशा उणिवांचा परिणाम बालवाचकांवरही होतो.