गळालेलं अधिक-उणे

१ जून २०२४, शनिवार, संध्याकाळी ६.३०. बाजार कोसळून बंद व्हायला ६९ तास.

लोकसभेच्या सातव्या टप्प्याचं मतदान संपून अर्धा तास झाला आणि कायद्याने तोवर अडवून धरलेले एक्झिट पोल सगळ्या वाहिन्यांवर एकदम सुटले. ॲक्सिस माय इंडिया : एनडीएला ३६१ ते ४०१. टुडेज चाणक्य : ४००, अधिक-उणे १५. सांगलीतल्या आमच्या वृत्तकक्षात सगळे उभे राहून टीव्ही पाहत होते.

रात्री १०.३०. ६५ तास.

पान एक माझ्याकडे होतं. मथळ्यात चारशे बसलं, ‘अधिक-उणे १५’ बसेना. मी ते काढलं. खाली महाराष्ट्राचा तक्ता होता : महायुती, महाविकास आघाडी, इतर. तिसऱ्या रकान्यात जवळपास काहीच नव्हतं आणि जाहिरातीला जागा हवी होती, म्हणून तोही काढायला सांगितलं. सांगलीत ७ मे रोजी मतदान झालं होतं. उमेदवारी ठाकरेंच्या शिवसेनेला गेल्यावर वसंतदादांचे नातू विशाल पाटील अपक्ष उभे राहिले होते, आणि त्या एका गोष्टीवर गावातल्या प्रत्येक कट्ट्यावर महिनाभर वाद चालला होता. मी त्याच गावात बसून ‘इतर’चा रकाना पुसला.

२ जून, रविवार, सकाळी ८. साडेपंचावन्न तास.

विश्रामबागेत आमच्या गल्लीच्या टोकाला माझे संख्याशास्त्राचे सर राहतात, निवृत्त. अंक हातात घेऊन फाटकाशीच उभे होते.

“अरे, हे चारशे कुठून आणलंस?”

मी म्हणालो, “सर, एका संस्थेनं ५ लाख ८० हजार लोकांना विचारलंय.”

सरांनी पेन काढलं आणि माझ्याच मथळ्याशेजारच्या कोऱ्या जागेत आकडेमोड केली. चिठ्ठ्या टाकून निवडावीत तशी ही माणसं निवडली असतील, तर देशभरच्या मतांच्या टक्केवारीत चूक येईल ०.१३ टक्क्याची, म्हणजे नसल्यासारखीच. पण देशभर मिळून एकच जागा नसते, ५४३ असतात. भागाकार केला तर एका मतदारसंघाच्या वाट्याला येतात हजार-सव्वाहजार माणसं, आणि तिथं चूक होते तीन टक्क्यांची. पहिल्या-दुसऱ्या उमेदवारातलं अंतर मोजायचं तर ती जवळपास दुप्पट. चुरशीच्या जागेवर एवढ्यानं काही ठरत नाही.

“आणि हे सगळं चिठ्ठ्या टाकल्या असतील तर,” सर म्हणाले. “सुखात्मे ठाऊक आहेत ना?”

पांडुरंग वासुदेव सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. नमुना पाहणीच्या शास्त्रावरचं त्यांचं पुस्तक १९५४ साली आलं. त्याआधी, चाळीसच्या दशकात, पीक कापणीच्या प्रयोगांत त्यांना एक गोष्ट दिसली होती. शेतातला अगदी लहान तुकडा आखून तेवढंच पीक कापलं की उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त निघतं. कारण साधं आहे. दोरीच्या कडेवरचं रोप आत की बाहेर, अशी शंका आली की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. तुकडा जितका लहान तितकी त्याला कड जास्त. मग असे दहा हजार तुकडे कापा, नाहीतर लाख. प्रत्येकात चूक त्याच बाजूला पडते. नमुना वाढवून ती जात नाही, उलट आकड्याला नसती खात्री चढते.

“तुझ्या पोलवाल्यांचा हात कुठं ओढला जातोय ते मला माहीत नाही,” सर म्हणाले. “पण सगळेच एका बाजूला कलले असतील, तर एकमेकांशी जुळतात म्हणून बरोबर असं मी मानणार नाही. पट्टा तरी छापायचा होतास रे.”

३ जून, सोमवार, सकाळी ९.१५. सव्वातीस तास.

बाजार उघडला आणि उसळला. बंद होताना सेन्सेक्स २,५०७ अंशांनी वर, ७६,४६८ वर. तेवढी एक बातमी बाकीच्या सगळ्या बातम्या झाकून बसली. पैसे गुंतवू का, असं विचारणारे दोन फोन मला आले. मी ‘नको’ म्हणालो नाही.

४ जून, मंगळवार, सकाळी ८. साडेसात तास.

आधी टपाली मतं, मग साडेआठपासून यंत्रं. पहिल्या तासाचे कल म्हणजे पहिल्या फेऱ्यांतली गावं, एवढंच. ती पूर्ण मतदारसंघासारखी असतीलच असं नाही.

९.१५. सव्वासहा तास.

बाजार थोडा खाली उघडला. साडेदहापर्यंत दिसायला लागलं की चारशे दूरच, भाजप स्वबळावर २७२ गाठेल का हाच प्रश्न आहे.

दुपारी १२ नंतर. तीन-साडेतीन तास.

सेन्सेक्स सहा हजारांहून अधिक अंशांनी खाली गेला. घाबरून विकणाऱ्यांची ही वेळ. ७ जूनला निर्देशांक सोमवारच्या पातळीच्या वर परत आला, पण मंगळवारी दुपारी विकून बसलेल्यांना त्याचा उपयोग नव्हता. मला फोन करणाऱ्या दोघांपैकी एक त्यातला.

३.३०.

बाजार बंद : ७२,०७९. एका दिवसात ४,३८९ अंश, ५.७४ टक्के. गुंतवणूकदारांची सुमारे ३१ लाख कोटी रुपयांची मालमत्ता कागदावरून पुसली गेली. टीव्हीवर ॲक्सिस माय इंडियाचे प्रदीप गुप्ता रडत होते. त्यांच्याकडे पाहताना मला राग आला नाही. त्यांनी निदान पट्टा दिला होता, तो चुकला. मी तर पट्टाच दिला नव्हता. दैनिक भास्करचा अंदाज २८१ ते ३५० असा ऐसपैस होता, म्हणून शनिवारी त्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. निकाल त्यात बसला : एनडीए २९३.

संध्याकाळी उशिरा.

निकाल टाकायला घेतले. देशभरात भाजपची मतं २०१९ च्या तुलनेत एका टक्क्याहूनही कमी घटली होती, जागा ३०३ वरून २४० झाल्या होत्या. मुंबई उत्तर-पश्चिममध्ये रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले. ज्या राज्यात ॲक्सिसने महायुतीला २८ ते ३२ दिल्या होत्या, तिथं तिला मिळाल्या १७. महाविकास आघाडीला ३०. बेरीज ४७. विशाल पाटील लाखाहून अधिक मतांनी जिंकले होते.

पान लावणाऱ्या मुलानं मान वळवून विचारलं, “सर, शनिवारचाच तक्ता वापरतोय. एक जागा बसत नाहीये.”

जाहिरात आत ढकल, म्हटलं, आणि तिसरा रकाना परत घाल.