भोजाचे तळे आणि भोपाळची ओळख

मराठी इतिहासात भोपाळचे नाव ठळकपणे येते ते थोरल्या बाजीरावाच्या स्वारीमुळे. डिसेंबर १७३७ मध्ये निजामाने भोपाळच्या किल्ल्यानजीक, एका अंगास तलाव व दुसऱ्या अंगास ओढा ठेवून तळ दिला. जागा बळकट होती. परंतु बाजीरावाने रसद तोडली, आणि जानेवारी १७३८ मध्ये दोराहासराई येथे निजामास तह करणे भाग पडले. जे नित्य पोचावयास हवे ते तुटले की स्थळाचे बळ सरते, हा त्या मोहिमेचा धडा होय. भोपाळास तो पुढे फार कठोरपणे गिरवावा लागला.

हा तलाव परमार राजा भोज याने अकराव्या शतकात कोलांस नदीस मातीचा बांध घालून निर्माण केला, अशी परंपरा आहे. नगरापासून सुमारे २८ किलोमीटरांवर, बेतवेच्या काठी, भोजपूरचे अपुरे राहिलेले शिवालय त्याच राजाचे मानले जाते. तेथील प्रचंड शिवलिंग, शिळा वर चढविण्यासाठी मागील बाजूस घातलेला मातीचा उतार आणि भोवतालच्या खडकांवर कोरलेले आराखडे आजही दृष्टीस पडतात. त्या काळी शक्ती म्हणजे माणसांचे व जनावरांचे बळ आणि त्याला उताराची जोड. भोजपूरजवळच्या विशाल सरोवराचा बांध पंधराव्या शतकात माळव्याच्या होशंगशाहाने फोडविला, असे सांगतात. भोपाळचा बांध मात्र टिकला. बांध एकदा घालून भागत नाही. दर पावसाळ्यात तो राखावा लागतो. पाण्याचे सामर्थ्य आवरून धरणाऱ्या या राखणीतूनच भोपाळ हे तलावांचे नगर झाले. भोपाळचा तोच खरा ताल, बाकीच्या साऱ्या तळ्या, असे तेथील लोक अभिमानाने म्हणतात.

१९५६ मध्ये भोपाळ मध्य प्रदेशाची राजधानी झाले. नागपुराहून आलेल्या कचेऱ्यांबरोबर अनेक मराठी कुटुंबेही तेथे वसली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्सचा कारखाना पंडित नेहरूंनी ६ नोव्हेंबर १९६० रोजी राष्ट्रास अर्पण केला. विजेची जनित्रे घडविणारे नगर, ही भोपाळची दुसरी ओळख बनली.

तिसरी ओळख न मागता मिळाली. युनियन कार्बाइडच्या कारखान्यात कीटकनाशकासाठी मिथाइल आयसोसायनेट हे द्रव्य साठविले जाई. ते शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवावे, असा नियम होता. त्यासाठी शीतयंत्र होते. पण खर्च वाचविण्याच्या धोरणात जून १९८४ मध्ये ते बंद करण्यात आले. २ डिसेंबरच्या रात्री टाकीत पाणी शिरले, द्रव्य तापून उसळले आणि सुमारे ४० टन विषारी वायू निजलेल्या वस्त्यांवर पसरला. वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी बंद होता. वायूमुळे ३,७८७ मृत्यू झाल्याचे राज्य शासनाने मान्य केले. पुढील वर्षांत झिजून गेलेल्यांची गणना याहून कितीतरी मोठी आहे.

आपल्या देवळांत नंदादीप असतो. त्याच्या तेलाचा हिशेब कोणी उधळपट्टीत धरीत नाही, कारण तो अखंड तेवावा यातच त्याचे सार्थक असते. त्या कारखान्यातील शीतयंत्र हे एका अर्थी नंदादीपच होते; पण तेथे थोडीशी वीज हाच वायफळ खर्च ठरला. काटकसर हा सद्गुण खरा. परंतु वाचलेला पैसा एकाच्या पेटीत आणि धोका शेजाऱ्याच्या उशाशी, अशी वाटणी झाली की तिला काटकसर म्हणता येत नाही.

या वाटणीचा शेवट अद्याप झालेला नाही. कारखान्याभोवतालच्या वस्त्यांतील भूजल दूषित झाले. तलावांच्या नगरातील या लोकांना पिण्याचे शुद्ध पाणी पुरवावे, असा आदेश २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. जानेवारी २०२५ मध्ये तेथील ३३७ टन विषारी कचरा पीथमपूर येथे नेण्यात आला आणि लोकांचा तीव्र विरोध असताही त्याच वर्षी जाळण्यात आला. पीथमपूर धार जिल्ह्यात आहे. आणि धार ही भोजाची राजधानी! ज्या राजाने भोपाळास तळे दिले, त्याच्याच भूमीत भोपाळचे विष जाऊन पोचले. हा कचरा आमच्या दारी का, हा पीथमपूरकरांचा प्रश्न अन्यायाचा म्हणता येणार नाही. भोपाळच्या वस्त्यांनीही १९८४ पूर्वी तोच विचारला असता, तर तो योग्यच ठरला असता.

भोजाचे तळे आजही आहे. २००२ मध्ये रामसर करारान्वये त्यास आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा मान मिळाला. मात्र वाढलेल्या नगरास ते एकटे पुरत नाही. म्हणून नगरापेक्षा सुमारे २०० मीटर खाली वाहणाऱ्या नर्मदेचे पाणी पंपांनी वर चढवावे लागते. तळ्यात पाणी उताराने आपण होऊन येते. नर्मदेच्या प्रत्येक घागरीस विजेचे मोल पडते. तेव्हा तळ्यात सांडपाणी सोडणारा केवळ पाणी नासवीत नाही, तर दूरच्या नदीवर आणि विजेवर नवे ऋण चढवितो.

गावाची ओळख त्याच्या नावाने ठरत नाही. तेथील लोक कोणती गोष्ट अखंड राखतात आणि कोणत्या गोष्टीत कसर करतात, यावरून ती ठरते. भोपाळात एक बांध शतकानुशतके राखला गेला, आणि एक यंत्र खर्चासाठी बंद केले गेले. जगाने दुसरी गोष्ट ध्यानात ठेवली आहे. पहिली ध्यानात ठेवणे आपल्या हाती आहे.