घोडी पुढं, बैल मागं

खेड, आंबेगाव, जुन्नरकडच्या शर्यतीच्या गाड्याला चार बैल असतात. मागं जुकाटाचे दोन, पुढं कांड्याचे दोन आणि त्यांच्याही पुढं घोडी. घोडीवर स्वार असतो, गाड्यावर कुणीच नसतं. घोडी सुटली की बैल तिच्यामागं घाट, म्हणजे शर्यतीचा चढ, चढतात. बारा-तेरा सेकंदांत बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, संपते, मग निवेदकाचा घसा आणि भंडारा दोन्ही उधळतात. सातारा-सांगलीकडची तऱ्हा वेगळी. तिथं दोन बैल, हलका छकडा आणि वर हाकणारा.

माझी नोकरी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात झाली. त्यामुळं घाटातल्या पारावरचा एक प्रश्न मला पाठ आहे: ‘मुंबईत महालक्ष्मीला घोडं पळतं ते चालतं, मग आमच्या बैलानं काय घोडं मारलंय?’

प्रश्न रास्त होता. 11 जुलै 2011 च्या केंद्राच्या अधिसूचनेनं खेळात वापरता न येणाऱ्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयानं जल्लिकट्टूबरोबर आमच्या शर्यतीही बंद केल्या. बैलाची शरीररचना घोड्यासारखी पळण्यासाठी नाही, हा त्यातला एक मुद्दा. विधिमंडळानं 2017 मध्ये कायदा केला, नियमही आले, तरी मुंबई उच्च न्यायालयानं शर्यती रोखूनच धरल्या. दरम्यान बैलाची धावण्याची क्षमता तपासायला राज्यानं समिती नेमली.

शरीरशास्त्र म्हणून न्यायालयाचं खोटं नव्हतं. बैलाला घोड्याइतका घाम येत नाही आणि चार कप्प्यांचं जड पोट घेऊन त्याला पळावं लागतं. पण घोड्याला मिळालेलं अभय मला कधी पटलं नाही. त्याच्या गुडघ्याखाली मांस नसतं, नुसतं हाड, शिरा आणि कातडं. ते हाड मोडलं की बहुतेक वेळा त्याला मारावंच लागतं. 1996 मध्ये न्यायालयानं घोड्यांची शर्यत कौशल्याचा खेळ ठरवली खरी, पण तो निकाल जुगाराबद्दल होता, घोड्याच्या पायाबद्दल नव्हता.

गाडामालकांची बाजूही मी डोळे झाकून घेणार नाही. पराणीच्या टोकाला खिळा, पिरगाळून सुजलेलं शेपूट, हे सगळं मी हातानं चाचपलंय. शेपटीचा मणका सरकला की बोटाला खड्ड्यासारखं लागतं आणि बैल मागचा पाय झाडतो. मालक म्हणतो, ‘गव्हाणीत अडकलं, डॉक्टर.’ गव्हाण तोंडापुढं असते, शेपटीमागं नाही. हाच माणूस बैल आजारी पडला की रात्रभर गोठ्यात बसतो. दोन्ही खरं आहे.

बंदीच्या काळात ट्रॅक्टरनं शेतातलं काम नेलेलं होतं. मार्च 2015 पासून गोवंश हत्याबंदी बैलालाही लागू झाली. म्हणजे खिलार खोंडाला ना घाट, ना नांगर, ना गिऱ्हाईक. पुष्कळांनी दावणी मोकळ्या केल्या. त्या जनावरांचं काय झालं, हे प्राणिमित्रांनीही फारसं विचारलं नाही.

16 डिसेंबर 2021 ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींना वाट दिली, 18 मे 2023 ला घटनापीठानं राज्यांचे कायदे वैध ठरवले. आता मारहाणीला मनाई आहे, डॉक्टरचा दाखला लागतो. पण बक्षिसांची मजल मोटारसायकलीवरून जेसीबीपर्यंत गेलीय. एवढ्या बक्षिसासाठी पळणारा बैल महिन्यात किती घाटांना जातो, टेम्पोत किती तास उभा राहतो, सरावात किती मार खातो, हे दाखल्यात कुठं येतं? तो दाखला बारीच्या आधीचा असतो. पायाची सूज दुसऱ्या दिवशी दिसते. तपासणी तेव्हा, गोठ्यावर जाऊन व्हावी, असं मी बैठकीत सुचवलं होतं. उत्तर मिळालं, ‘डॉक्टर, तेवढा स्टाफ कुठाय?’