स्लोला बंद पडणारी गाडी

सेलूहून देवगिरी एक्स्प्रेसने मुंबईत उतरलेल्या माणसाची पहिली गाठ पडायची ती काळ्या-पिवळ्या टॅक्सीशी. ही टॅक्सी बहुधा प्रीमियर पद्मिनी असायची. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होई. मूळची ही इटलीची फियाट 1100. सत्तरच्या दशकात तिला पद्मिनी राणीचं नाव मिळालं. इंजिन 1089 सीसीचं, चार सिलिंडरचं, पेट्रोलसाठी घडवलेलं.

शहरांची हवा बिघडली आणि या इंजिनावर नवं ओझं आलं. दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने 28 जुलै 1998 रोजी बसगाड्या सीएनजीवर आणण्याचा आदेश दिला. मुंबईतही 1999 मध्ये धुराविरुद्धची जनहित याचिका उच्च न्यायालयात आली आणि पुढच्या काही वर्षांत जुन्या टॅक्सींना सीएनजी किट बसू लागले. निर्णय कोर्टाचा, पण इंजिनाची समजूत घालायची ती गॅरेजमधल्या मिस्त्रीने. ‘मिस्त्री’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला, ‘उस्ताद’ फारसीतून. गॅरेजमध्ये दोन्ही शब्द एकाच माणसाला लागतात.

किट बसवल्यावर हमखास येणारी तक्रार एकच: ‘रेस दिली की पळते, स्लोला बंद पडते.’ सिग्नलला इंजिन गेलं की मागे हॉर्नचा गोंगाट, आत गिऱ्हाईक वैतागलेलं. दिवसाच्या कमाईवर घर चालवणाऱ्याला ही गोष्ट किरकोळ नव्हती.

दोष स्लोलाच का दिसतो? पाय पॅडलवरून निघाला की कार्बोरेटरची झडप जवळजवळ मिटते. इंजिन त्या वेळी थोड्याशा हवेवर आणि थोड्याशा इंधनावर जगत असतं. वेगात जी गळती जाणवतही नाही, ती इथे त्याचा जीव घेते. त्यात एक किलो पेट्रोल जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते, तर नैसर्गिक वायूला सुमारे 17. शिवाय गॅस सावकाश जळतो, म्हणून ठिणगी थोडी आधी पडावी लागते. मिस्त्री त्याला ‘टायमिंग पुढं घेणं’ म्हणतात. डिकीतल्या टाकीत गॅस सुमारे 200 बार दाबाने भरलेला असतो. रेग्युलेटर तो दाब उतरवतो. दाब उतरताना गॅस गार पडतो, म्हणून रेडिएटरचं गरम पाणी रेग्युलेटरभोवती फिरवलेलं असतं.

चांगला उस्ताद आधी स्क्रूला हात लावत नसे. तो इंजिन गरम होऊ देई आणि एकच प्रश्न विचारी: पेट्रोलवर बंद पडते, गॅसवर, की दोन्हींवर?

फक्त पेट्रोलवर बंद पडत असेल, तर महिनोन् महिने गॅसवर चालवल्याने कार्बोरेटर कोरडा पडून स्लोचा जेट चिकटलेला. फक्त गॅसवर पडत असेल, तर हवेची जाळी तुंबली आहे का, गॅसची नळी दबली आहे का, रेग्युलेटरला गरम पाणी पोचतंय का, हे पाहायचं; स्लोचा स्क्रू त्यानंतर. दोन्हींवर पडत असेल, तर दोष किटपेक्षा खोल: प्लग, पॉइंट, टायमिंग किंवा कार्बोरेटरखालच्या गॅसकेटमधून ओढली जाणारी हवा. ती शोधायला रबरी नळीचं एक टोक कानाशी धरायचं, दुसरं सांध्यांवरून फिरवायचं. जिथे ‘स्स’ ऐकू येईल, तिथे चोर. शेवटी टॅपेट. गॅस कोरडा असतो. त्याने जुन्या इंजिनाच्या व्हॉल्व्हच्या बैठका झिजतात, टॅपेटची फट कमी होते आणि व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही.

सोपी वाटही होती. स्लो वाढवून द्यायचा. गाडी बंद पडत नाही, गिऱ्हाईक खूश; पण उभ्या उभ्या गॅस जळतो आणि दोष झाकला जातो. त्याची किंमत टॅक्सीवाला रोज थोडी थोडी मोजत राहतो.

आमच्या मराठवाड्यात जुन्या पेट्रोल जीपांना डिझेल इंजिनं बसली, तेव्हाही हाच पेच पडला. डिझेलला ना प्लग, ना कार्बोरेटर. तिथे नळीत शिरलेली हवा, तुंबलेला फिल्टर किंवा पंपातला गव्हर्नर इंजिन बंद पाडतो. रोग वेगळा, पण पहिला प्रश्न तोच: शेवटचा बदल काय केला, आणि तो करताना कोणता सांधा उघडला?

पद्मिनी टॅक्सीचा मुंबईतला प्रवास ऑक्टोबर 2023 मध्ये संपला. आता सीएनजी गाड्या कारखान्यातूनच तयार होऊन येतात आणि स्लो किती ठेवायचा हे संगणक ठरवतो. पण त्यांच्याही रबरी नळीला चीर पडली, तर हवा आत शिरतेच. संगणकाचा दिवा बिघाडाची खूण दाखवतो. चीर शोधायला बॉनेट उघडून सांधे तपासावेच लागतात. मिस्त्रींचं हे ज्ञान फारसं कुणी लिहून ठेवलं नाही. ते उस्तादाकडून हाताखालच्या पोऱ्याकडे, कानाने कानाकडे गेलं. ज्यांचे हात अजून चालतात, त्यांच्याकडून ते आताच लिहून घ्यायला हवं.